पगारातले दोनशे रुपये आणि आईला न मिळालेलं काम

माणदेशची_लेक
१३ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण जरा वेळ काढून वाचा.

मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. मार्च अखेरची धावपळ संपली आणि परवा निवांत बसून स्वतःचीच पगाराची स्लिप नीट पाहिली. व्यवसाय कर दर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. दोनशे माणसांच्या स्लिपा मी दर महिन्याला बनवते, हा कर मीच कापते, पण तो कशासाठी हे कधी मनात आलं नव्हतं. आईशी फोनवर सहज विषय निघाला तर ती म्हणाली, "अगं, ते आमच्या रोजगार हमीचे पैसे. शहरातल्या पगारदारांकडनं घ्यायचे आणि गावाकडं काम काढायचं, असं तेव्हा ठरलेलं." आई सातवीपर्यंत शिकलेली. तिला माहीत, आणि बी.कॉम. झालेल्या मला नाही.

आमचं गाव माणदेशात. बहात्तरच्या दुष्काळात आजीनं खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, त्याच्या बांधावर तिनं माती वाहिली. तेव्हा माझे थोरले चुलते झोळीत होते. त्याच तलावाखालच्या विहिरींवर आज चार घरांच्या डाळिंबाच्या बागा आहेत. (आमची नाही, आमची जमीन वरच्या माळाला.) आई लग्न होऊन आली तीही नालाबांधाच्या कामावर गेली. माझ्या शाळेची पहिली फी त्या मजुरीतून भरली असं ती सांगते.

या जानेवारीत आईनं आणि भावकीतल्या बायकांनी काम मागितलं. "सध्या काम मंजूर नाही, मंजुरी आली की कळवू," एवढंच तोंडी उत्तर. माझी चुलत बहीण डिसेंबरात तिच्या सासरी बांधबंदिस्तीच्या कामावर तीन आठवडे गेली, तिची मजुरी अजून खात्यावर नाही. विचारलं की वरून पैसे आले नाहीत म्हणतात. आणि याच वर्षात आईच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये येतात. तिच्या एकटीच्या नावावर नेमानं येणारा हा तिच्या आयुष्यातला पहिला पैसा. ती त्यातून आजीची औषधं आणते. मला त्याचं मोल कमी करायचं नाही.

पण मला कळत नाही की हा कर अजून त्याच कामासाठी असेल, तर काम का नाही? रोख पैसे द्यायचे की काम द्यायचं, असं काही निवडावं लागतं का? ऑफिसातला एक सहकारी म्हणाला की या सगळ्या योजनांनी तिजोरी रिकामी होते आणि वर शेतकऱ्याला मजूर मिळत नाहीत. मला उत्तर देता आलं नाही आणि त्या रात्री झोपही नीट लागली नाही. कुणाला आतून माहीत असेल तर सांगा.


मोंढ्यावरचा_शेतकरी
१३ एप्रिल २०२५

ताई, तुमच्या सहकाऱ्याचं निम्मं बोलणं मी रोज जगतो, म्हणून लिहितो. जालना जिल्हा, साडेपाच एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन.

वेचणीला माणूस मिळत नाही हे खरं आहे. दिवाळीनंतर किलोला १० रुपये देऊनही बाया तिसऱ्या गावाहून टेम्पोनं आणाव्या लागल्या. पण याचं खापर रोजगार हमीवर फोडायला माझं मन धजत नाही, कारण त्या महिन्यात आमच्या गावात हमीचं एकही काम चालू नव्हतं. माणसं ऊसतोडीला गेली होती. आणि ती का जातात? संक्रांत झाली की आमच्याकडे शेतात काम उरत नाही, ते थेट मृगापर्यंत. तोडणीसाठी उचल (आगाऊ पैसे) घेतलेली नवराबायकोची जोडी माझ्या वेचणीपुरती मागे कशी थांबेल? मला तीन महिने हात हवेत म्हणून त्यांनी उरलेलं वर्ष इथं उपाशी काढावं, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

दुसरं म्हणजे भाव. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून माल परत आला, आणि देणेकरी दारात होते, म्हणून मोंढ्यावर ४,०५० ला घातला. खायचं तेल स्वस्त राहावं म्हणून बाहेरून तेल येऊ देतात. शहरातल्या गरिबाच्या कढईचा विचार केला तर ते चूक म्हणता येत नाही. पण त्याचा भार मोंढ्यावर माझ्या अंगावर येतो आणि मी तो पुढे मजुरावर टाकतो. निंदणीला येणाऱ्या बाईची रोजी यंदा २५० वरून ३०० करायची असं मी ठरवलं होतं. नाही केली. त्याच बाईला महिन्याला १५०० मिळतात. म्हणजे सरकारचं एक खातं तिच्या घरात पैसे घालतंय आणि दुसऱ्या खात्याच्या निर्णयानं तिची वाढ माझ्या बांधावर अडकलीय. ही दोन खाती एकमेकांशी बोलत असतील असं मला वाटत नाही.


अर्थशास्त्र_मास्तर
१४ एप्रिल २०२५

तुमच्या आईंनी अगदी बरोबर सांगितलं. व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा आणि तो रोजगार हमीसाठीच केला गेला. शहरातल्या बिगरनिवासी इमारतींच्या मालमत्ता कराच्या बिलातही 'रोजगार हमी उपकर' अशी एक ओळ असते, ती पाहा. शिवाय मोटारवाहन कर, विक्रीकर, बागायती जमिनीचा आकार यांवरही तेव्हा जादा भार बसवला होता, आणि जेवढा पैसा यातून जमेल तेवढीच भर राज्य सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं होतं. बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात, १९७३ च्या मे महिन्यात, दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. ती अनुदानासाठी हात पसरत नव्हती, काम मागत होती. त्या अनुभवातून शहराला पटलं की गाव उठून आपल्या दारात येण्यापेक्षा गावातच काम काढणं सगळ्यांच्याच हिताचं. तुमची २०० रुपयांची ओळ त्या करारातली आहे.

आता फेब्रुवारीचे ३००. अकरा महिने २०० आणि एक महिना ३००, बेरीज २,५००. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानं या करावर वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. ती १९८८ मध्ये २५० वरून वाढवली आणि तेव्हापासून तशीच आहे. १९८८ साली माझा महिन्याचा पगार साधारण तेवढाच होता. म्हणजे त्या वेळी वर्षाचा कमाल कर माझ्या एका पगाराएवढा भरला असता. आज महिन्याला पाच लाख मिळवणारा माणूसही तेच २,५०० भरतो. कमी पगाराच्या बायकांना सूट आहे (२०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत), ते योग्यच झालं. पण वरच्या टोकाला छत्तीस-सदतीस वर्षं कुणी हात लावलेला नाही. गरिबी हटवायच्या योजनेला स्वतःचा कर जोडणं ही महाराष्ट्राची मोठी कल्पना होती. तो कर महागाईबरोबर वाढला नाही, तर कागदावर योजना आणि तिचा कर दोन्ही राहतात आणि आतून दोन्ही झिजतात.

मजुरी आणि तिजोरी यांचं नातं समजून घ्यायचं असेल तर १९८८ चीच दुसरी गोष्ट पाहा. त्या वर्षी शेतमजुरांचं किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि हमीवरची मजुरीही त्याबरोबर वाढली. मजुराच्या दृष्टीनं ते न्याय्य होतं. पण कामांची तयारी आणि निधी त्या प्रमाणात वाढले नाहीत, आणि पुढच्या वर्षांत कामावरची हजेरी उतरली. अभ्यासकांनी ते आकडे मांडले आहेत. मजूर यायचे थांबले नव्हते, कामं काढणं मंदावलं होतं. कायद्यात हमी तशीच होती, पण गावात गेलं की काम शोधावं लागायचं. मी वर्गात हे उदाहरण वीस वर्षं सांगितलं, कारण मजुरी वाढवा म्हणणारे आणि तिजोरी सांभाळा म्हणणारे दोघे आपापल्या जागी प्रामाणिक असूनही, एकत्र न बसल्यामुळे नुकसान तिसऱ्याचंच कसं होतं, ते यात उघड दिसतं.

केंद्राच्या रोजगार हमी योजनेलाही, म्हणजे मनरेगालाही, तोच आजार आहे. मनरेगाचा कायदा म्हणतो की मागेल त्याला काम. बजेट म्हणतं ८६,००० कोटी, २०२४-२५ ला तेवढेच आणि २०२५-२६ लाही तेवढेच. मग जानेवारीत काम मागणाऱ्या बाईला 'मंजुरी नाही' हे उत्तर मिळतं आणि डिसेंबरात काम केलेलीची मजुरी अडकते. तुमच्या घरात दोन्ही घडलं आहे.


निवृत्त_हजेरी_सहायक
१६ एप्रिल २०२५

पोरी, तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची असशील म्हणून एकेरी लिहितो, राग मानू नकोस. सोलापूर जिल्ह्यात १९८३ पासून मी रोजगार हमी योजनेच्या कामांवर हजेरी सहायक होतो. मस्टर, म्हणजे हजेरीपट, माझ्या हातात. सकाळी नावं पुकारायची, दुपारी पुन्हा मोजायची, पंधरवड्याला अंगठे घ्यायचे. मास्तरांनी पैशाचं सांगितलं, मी कामावरचं सांगतो.

ही कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे ते बरीच वर्षं सभापती होते. त्यांनी ती आधी तासगाव तालुक्यात विसापूरला करून पाहिली, मग राज्यभर गेली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पन्नास माणसांनी काम मागितलं की काम काढलंच पाहिजे, पंधरा दिवसांत. नाही काढलं तर बेकारी भत्ता, दिवसाला निदान एक रुपया. रुपया थोडा वाटेल, पण भत्ता द्यायची वेळ आली की साहेबांना वर उत्तर द्यावं लागायचं, म्हणून त्या रुपयाचा धाक होता.

एक प्रसंग सांगतो. १९८६ चा उन्हाळा. एका वस्तीवरच्या बायकांनी काम मागितलं, नावं भरली त्रेचाळीस. पन्नास होईनात. त्यांच्यातली एक बाई, काखेत पोर, दुपारच्या उन्हात शेजारच्या दोन वस्त्यांवर चालत गेली आणि दिवेलागणीला सात नावं घेऊन आली. सातवं नाव आपल्या सासूचं होतं. सासूला टिकाव उचलणार नव्हता, पण काम निघालं की लेकरं सांभाळायला एक बाई मजुरीवर ठेवायची हे नियमात होतं, आणि त्या बाईला ते माझ्याआधी माहीत होतं. लिंबाखाली साड्यांच्या झोळ्या बांधून तिनं पाळणाघर केलं. माझ्या त्या मस्टरवर निम्म्याहून जास्त बायाच होत्या. गडीमाणसाला आणि बाईला दर एकच, कारण मोजायची ती चौकडी, म्हणजे खणलेला चौकोनी खड्डा. किती खणलं, किती खोल खणलं, तेवढे पैसे. मधे मातीचा खुंट न खणता ठेवायचा, त्यावरून खोली मोजायची.

गरीब कोण हे ठरवायला आम्हाला यादी लागायची नाही. बाहेर जास्त रोजी मिळत असेल तर भर उन्हात खणायला कुणी येत नाही. जो येतो त्याला गरज आहे. जालन्याच्या दादांनी लिहिलं तसंच आहे, त्यांच्या वेचणीच्या दिवसांत आमच्या मस्टरवर आपोआप नावं कमी व्हायची. खरं भांडण वेगळ्याच जागी होतं.

त्या वेळी चाललं ते का चाललं, तर तीन वह्या एका टेबलावर यायच्या. तहसीलदाराकडे मागणीची वही, कोणत्या गावात किती माणसं काम मागतायत. यंत्रणांकडे कामांचं शेल्फ, म्हणजे मोजणी, अंदाजपत्रक, मंजुरी आधीच होऊन तयार ठेवलेली कामं. लघुपाटबंधारे, कृषी, बांधकाम, वनीकरण, प्रत्येकाचं वेगळं. आणि तिसरी वही निधीची. आमच्याकडे एक कलेक्टर होते, ते दर सोमवारी या तिघांना समोरासमोर बसवायचे. मागणी आली की शेल्फवरचं काम उचललं जायचं, पैसा त्यामागे जायचा. ते बदलून गेले आणि सोमवारची बैठकही गेली. वह्या तिन्ही राहिल्या, पण तीन कपाटांत.

त्याचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. एका पाझर तलावाचा बांध निम्म्यावर आला आणि मार्च संपला. निधी संपला. एप्रिल आणि मे, जेव्हा शेतात गवताची काडी नसते आणि मजुराला कामाची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा आमची फाईल नव्या वर्षाच्या मंजुरीसाठी फिरत होती. मंजुरी आली जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पाऊस तिच्या चार दिवस आधी आला. निम्मा बांध वाहून गेला. तीनशे माणसांचे तीन महिने त्या ओढ्यात गेले. बायका काठावर उभ्या होत्या, कुणी काही बोललं नाही. मला अजून तो दिवस सलतो. पैसा नव्हता असं नाही. कर जमत होता. पैशाचं वर्ष मार्चला संपतं आणि भुकेचं वर्ष मार्चला सुरू होतं, हे दोन्ही कॅलेंडर कुणी शेजारी लावून पाहिलं नव्हतं.

ऊसतोडीचंही तसंच. मुकादम आषाढ-श्रावणात उचल घरात आणून देतो. आपलं काम निघतं दिवाळीनंतर, निघालं तर. तोवर कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, बांधला गेलेला असतो, पोरांची शाळा सुटलेली असते. स्थलांतर थांबवायचं असेल तर कामाची खात्री पावसाळ्यातच द्यावी लागेल, की या तारखेला, या शिवारात, एवढे दिवस. तशी लेखी खात्री मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिली नाही.

आणि पाण्याचं. हे लिहिताना मला त्रास होतो, पण लिहितो. ज्या तलावांवर आम्ही माती टाकली, त्यांतल्या काहींचं पाणी खाली ऊस लावणाऱ्यांनी मोटारी लावून ओढलं. ज्या बायकांनी घमेली वाहिली त्या मेमध्ये टँकरच्या रांगेत. एका खात्यानं गरिबाच्या हातून पाणी अडवलं आणि दुसऱ्यांच्या धोरणानं ते उसाला गेलं. हिवरे बाजारनं नव्वदच्या दशकात हमीच्या पैशातून डोंगरावर चर खणले, बांध घातले, पण सोबत गावानं नियम केला की ऊस लावायचा नाही, शेतीसाठी बोअर मारायची नाही. नियमाशिवाय चरांचं पाणी वर्षभर पुरलं नसतं.

काम, जमीन आणि बाजार एकत्र आणलेलं उदाहरणही आपल्याकडेच आहे. १९९० पासून फळबाग लागवड हमीला जोडली. स्वतःच्या शेतात खड्डे खणायची मजुरी मिळाली, रोपं मिळाली. कोकणात आंबा-काजू, आमच्या सांगोल्याकडे डाळिंब. माझ्या मस्टरवरची काही माणसं पुढे मस्टरवर आलीच नाहीत, आणि त्याचा मला आनंद व्हायचा. पण खरं ते सगळं सांगितलं पाहिजे. ज्याला जमीन होती त्याला बाग मिळाली, भूमिहीनाला खड्डा खणायचा रोज मिळाला आणि खड्डे संपले की तोही संपला.

लाडकी बहीणबद्दल विचारलंस. ७ लाख कोटींच्या आसपासच्या राज्याच्या २०२५-२६ च्या बजेटात त्यासाठी ३६,००० कोटी आहेत. मोठा आकडा आहे, पण तो चुकीच्या हातात जातो असं मी म्हणणार नाही. हातात १५०० असलेली बाई मुकादमाला नाही म्हणू शकते, आजारी असताना घरी बसू शकते, आणि हे मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहतोय. माझी तक्रार एवढीच आहे, की तो पैसा दर महिन्याला खर्च होतो आणि संपतो. तुझ्या आजीच्या तलावासारखं त्यातून मागे काही उरत नाही. म्हणून एकाच्या जागी दुसरं नको. आणि रोख पैसा महिन्याच्या महिन्याला वेळेवर पोचवता येतो हे सरकारनं दाखवलं आहे, तर डिसेंबरच्या घामाची मजुरी एप्रिलपर्यंत का पोचत नाही, हे विचारायचा हक्क तुझ्या बहिणीला नक्की आहे.


माणदेशची_लेक
१८ एप्रिल २०२५

काका, तुमचं सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. सात नावं आणणाऱ्या बाईपाशी आले तेव्हा ती म्हणाली, "थांब, परत वाच." बांध वाहून गेला तिथे ती गप्प झाली.

दादा, तुम्ही निंदणीवाल्या बाईचं लिहिलंत त्याबद्दल आभार. मी ते सहकाऱ्याला दाखवलं. तो शेतकऱ्याचाच मुलगा आहे. तो म्हणाला, मजुरीचं मी बोललो ते वडिलांचं ऐकून, पण सोयाबीनच्या भावाचं वडीलही रोज बोलतात, ते मी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

सर, एक शंका. कराची मर्यादा घटनेत आहे म्हणजे ती राज्याला वाढवता येत नाही ना? मग राज्यानं काय करायचं? आणि काका, आईनं जानेवारीत मागितलं ते तोंडी होतं. आता नक्की काय करायचं ते पायरीपायरीनं सांगाल का? मी सोमवारी गावी जातेय.


अर्थशास्त्र_मास्तर
१८ एप्रिल २०२५

बरोबर, मर्यादा संसदेलाच बदलता येते. पण ती बदला म्हणून राज्यांनी एकत्र मागणी करणं राज्यांच्या हातात आहे. तसंच जमलेला कर त्याच कामाला किती गेला, हे दर वर्षी गावागावांत वाचून दाखवणंही. हमीच्या जुन्या काळातही कर जमला तेवढा खर्च झाला नाही अशी वर्षं येऊन गेली. तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, तुम्हाला मी जास्त काय सांगू.


निवृत्त_हजेरी_सहायक
१८ एप्रिल २०२५

पोरी, तोंडी मागणी म्हणजे मागणीच नाही. कायद्याला ती ऐकू येत नाही.

आधी सगळ्यांची जॉबकार्डं पाहा, नावं चालू आहेत का, आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का. आता मजुरी आधारवरूनच जमा होते, तिथे एक अक्षर चुकलं तरी पैसे अडकतात. मग नमुना ४ भरायचा, म्हणजे कामाची मागणी. किती दिवस काम हवं, कोणत्या तारखेपासून, ते त्यात लिहायचं. एकेकीनं जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं. आणि नमुना ५ ची पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही. पोचेवर तारीख हवी. पंधरा दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. तारीख नसेल तर पंधरा दिवस कधीच सुरू होत नाहीत. काम नाही मिळालं तर पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीचा निदान चौथा हिस्सा भत्ता आहे, पुढे निम्मा. हा भत्ता राज्यानं द्यायचा असतो आणि शंभर दिवसांपर्यंतची मजुरी केंद्र देतं. जुन्या हमीत दोन्ही एकाच तिजोरीतून जायचं, म्हणून काम काढण्याची घाई असायची. आता मागणी नोंदवलीच नाही तर भत्त्याचा प्रश्नच येत नाही, हे ध्यानात ठेव आणि म्हणूनच पोचेचा हट्ट धर.

बहिणीला सांग, मस्टरचा नंबर आणि कामाचं नाव घेऊन लेखी अर्ज कर. पंधरा दिवसांच्या पुढे उशीर झाला की रोज ०.०५ टक्के भरपाई आहे. रक्कम अगदीच थोडी होते. पण भरपाई नोंदली गेली म्हणजे उशीर झाला हे कागदावर मान्य झालं.

एप्रिल २०२५ पासून मजुरीचा दर दिवसाला ३१२ झाला, आधी २९७ होता. बायकांना हे आधीच सांग, मोजमापाच्या वेळी उपयोगी पडतं.

आणि काम कोणतं मागायचं तेही ठरवून जा. "काहीतरी द्या" म्हटलं की रस्ता निघतो. तुझ्या आजीच्या पाझर तलावात आता गाळ भरला असेल. पन्नास वर्षांत भरतोच. गाळ काढायचं काम मागा, आणि तो गाळ वरच्या माळावरच्या जमिनींत टाकायचा ठराव करून घ्या. खालच्यांना आजवर पाणी मिळालं, वरच्यांना आता माती मिळू दे. यंदाच्या आराखड्यात हे काम नसेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या ग्रामसभांत पुढच्या वर्षाचा आराखडा ठरतो, तेव्हा बायकांनी जाऊन बसायचं. कोरमपुरती सही करून परत यायचं नाही.

काही अडलं तर इथेच लिही. मी रोज संध्याकाळी पाहतो.


माणदेशची_लेक
२० एप्रिल २०२५

काका, उद्या पहाटेच्या एस.टी.नं निघतेय. नमुने छापून घेतलेत, पंचवीस प्रती. तलावात गाळ आहे का विचारलं तर आई म्हणाली, कमरेएवढा.

तिनं माझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर एकोणीस नावं लिहून काढली आहेत. फोटो पाठवला होता. विसाव्या ओळीवर आजीचं नाव आहे. आजी सत्त्याहत्तर वर्षांची. मी म्हटलं, आई, तिला कुठं नेतेस कामावर? तर म्हणाली, "तिला खणायला कोण सांगतंय? लिंबाखाली लेकरांपाशी बसेल ती."